चौऱ्याऐंशी किलो आणि अंथुर्ण्याचं घर

२९ जुलै १९९६

उत्कर्षाला मी नववी ब मध्ये स्पेलिंग चुकलं म्हणून बाकावर उभं केलं होतं. आज ती डॉक्टर आहे, आणि तिने मला काट्यावर उभं केलं. चौऱ्याऐंशी किलो. मुलगी हसली नाही, पण तिने ओठ ज्या पद्धतीने आवळले ती माझीच पद्धत आहे, वर्गात माझ्याकडूनच शिकलेली.

"बाई, गुडघ्यांना गोळ्या देऊन काय होणार? त्यांच्यावरचं ओझं कमी करा."

मग तिने कागदावर गणित मांडलं. तुम्ही नुसत्या बसून राहिलात, श्वास घेतलात, साहेबांशी भांडलात, तरी शरीर दिवसाला अठराशे कॅलरी जाळतं. खाल्ल्या तेराशे, तर उरलेल्या पाचशे शरीर साठवलेल्या चरबीतून काढतं. एक किलो चरबी म्हणजे सात हजार सातशे. पंधरा दिवसांत एक किलो. इतकं सोपं. पस्तीस वर्षं मुलींना शिकवल्यावर मला एवढं कळतं, की जे फळ्यावर इतकं सोपं दिसतं ते घरी गेल्यावर जमत नाही.

जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुला जमायचं न्हाय."

"तुमचं पोट बघा आधी."

बोलता बोलता पैज लागली. आमचं दोन वर्षांचं भांडणच त्या पैजेत ओतलं गेलं. हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले तेव्हापासून एकच धोशा आहे: अंथुर्ण्याला जाऊन राहू. थोरले दीर आप्पा गेल्यापासून तिथली चार एकर आणि विहीर नुसती पडून आहे. दोन खोल्या बांधायच्या, उरलेलं आयुष्य तिथे काढायचं. मला बारामती हवी. विहार, वाचनालय, बेकरीतली ताजी खारी, आणि फरशी बसवलेली माझी मोरी. लग्न होऊन अंथुर्ण्याला गेले तेव्हा सासूबाई, रंगुबाई, माझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या, "ही कॉन्व्हेंटातली. हिला चुलीचा धूर सोसंल का?" सोसला नाही. आठ दिवस डोळे गळत होते आणि सगळ्या गावाला वाटलं, सून माहेरासाठी रडते.

तर उद्या आषाढ पौर्णिमा. उद्यापासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आम्हा बौद्धांचा अख्खा वर्षावास. जो जास्त किलो उतरवेल त्याचं ऐकायचं. अंथुर्णे की बारामती.

३० जुलै

दवाखान्याचा काटा ह्यांना मान्य नाही. "तो डॉक्टरच्या बाजूनं असतो." म्हणून मार्केट यार्ड. तिथले तोलार सर्जेराव ह्यांच्या कालव्यावरच्या दिवसांपासूनचे स्नेही. ज्वारीची पोती तोलण्याच्या काट्यावर मी चढले. सर्जेरावांना वजन मनात वाचता येत नाही. ते ओरडतात, कारण पलीकडे लिहून घेणाऱ्याला ऐकू जावं लागतं.

"चौऱ्याऐंशी!"

तीन हमालांनी डोक्यावरची पोती खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, बारदानाचं वजन म्हणून पोत्यामागं किलोचा कडता काढतो आमी. तुमचा काढू का?"

"मी पोत्यात आहे का सर्जेराव?"

"पोत्यात न्हाय, पर लुगड्यात तर हायसा."

ह्यांची पाळी आली तेव्हा मी आधी खिसे तपासले. अडकित्ता, किल्ल्यांचा जुडगा, चष्म्याचं घर आणि पंपाचा एक चांगला मोठा नट.

"हे काय?"

"नट हाय. दुकानात दाखवून तसलाच आणायचाय."

"सुरुवातीला जड व्हायचं आणि पुढे नट काढून हलकं व्हायचं. कळतात मला डाव."

सगळं काढून ठेवायला लावलं. अठ्ठ्याहत्तर. नियम लिहून ठेवते: खिसे रिकामे.

४ ऑगस्ट

सकाळी पोहे मूठभर, दुपारी एक भाकरी, आमटी, पालेभाजी. तेल चमच्याने मोजते. चहात साखर नाही. साखर कारखान्यांच्या मुलखात राहून बिनसाखरेचा चहा पिणं म्हणजे गावाशी बेइमानी आहे, पण पिते.

एक पेच आहे. आमच्या बोर्डिंगात सिस्टर मार्था ताटांच्या रांगेतून फिरायच्या. ताटात शीत दिसलं की मागून मानेवर गार बोट टेकायचं. "लीला, फिनिश." रंगुबाईंचा धर्म वेगळा होता, पण ताटाबाबत त्या आणि सिस्टर मार्था एकाच देवळातल्या. दुष्काळात कण्या मोजून शिजवलेली बाई ती. त्यामुळे घरकामाला येणाऱ्या बनाबाईने सवयीने थापलेली माझी दुसरी भाकरी, भात आणि रात्रीचं दूध फेकणं मला शक्य नाही. ते सगळं ह्यांच्या ताटात जातं. हे ते संपवतात. सिस्टर मार्थांनी याला पाप म्हटलं असतं. मी याला डावपेच म्हणते.

९ ऑगस्ट

भूक.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदनाला बोलावलं होतं. नंतर जिलबी. दोन खाल्ल्या. तीनशे कॅलरी, देशासाठी.

घरी आल्यावर बोर्डिंगातलं रविवारचं ब्रेड पुडिंग आठवत बसले. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. महिन्यातून एका रविवारी भेटायला यायचे, हाताला तेलाचा वास. मी पुडिंगचा अर्धा तुकडा रुमालात लपवून त्यांच्यासाठी आणायचे. ते म्हणायचे, "तूच खा, वाढीचं वय आहे." वाढ झाली, आबा. जरा जास्तच झाली.

२८ ऑगस्ट

पौर्णिमा. आज उपोसथ धरला. अष्टशील घेतलं की दुपारी बारानंतर खायचं नाही, हा नियम फार चांगला आहे. पावणेबारापर्यंत मी उद्या सकाळपर्यंत पुरेल एवढं जेवले. बनाबाई म्हणाली, "बाई, ह्यो उपास हाय का लगीन?"

चार वाजता यार्ड. मी साडेब्याऐंशी. महिनाभर गवत खाऊन दीड किलो! आनंदाने काट्यावरून उतरले तोवर सर्जेराव ओरडले, "पंच्याहत्तर!"

ह्यांचे तीन.

माझी एक भाकरी, भाताची मूद आणि पेलाभर दूध रोज जास्तीचं खाऊन हा माणूस तीन किलो उतरला! खिसे मी स्वतः उलटे केले होते. रिकामे.

"काय करता हो तुम्ही?"

"अंथुर्ण्याला जातो न्हवं का रोज. रानात चालतो."

म्हणजे अंथुर्णेच मला हरवणार, आणि तेही माझ्याच भाकरीवर.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. दोन जुन्या मुली फुलं घेऊन आल्या. पेढे आणले असते तर नाही म्हटलं नसतं.

मोरीत मुंग्या झाल्या आहेत. काळ्या, बारीक, रांग लावून येतात. मला लगेच संशय आला. हे मोरीत गोड लपवून खात असणार. बादलीमागे, साबणाच्या डबीत, फडताळावर, सगळीकडे पाहिलं. काही सापडलं नाही. बनाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"बाई, साहेब मोरीत जाऊन आलं की मग येत्यात मुंग्या. म्या बघितलंय."

"रिटायर्ड अधिकाऱ्याबद्दल असं बोलू नये, बनाबाई."

"मी साहेबांबद्दल न्हाय, मुंग्यांबद्दल बोलतीया."

फिनेल टाकायला सांगितलं. आता उन्हाळा नाही तरी ह्यांना पाणी लागतं ते किती! सकाळी भरलेली कळशी दुपारी पालथी. मग रात्री तीनतीनदा उठणं आलंच, आणि माझी झोप मोडणंही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतांना पाणी मोजून दिलं, आता स्वतःला न मोजता.

१२ सप्टेंबर

उत्कर्षाकडे तक्रार घेऊन गेले. म्हटलं, "तुझं शास्त्र खोटं आहे. मी तेराशे कॅलरी खाते आणि रांगत रांगत उतरते. तुझे सर माझ्या वाटचं धरून अडीच हजार खातात आणि झरझर उतरतात. गणित एकदा चुकलं तर चूक, दोनदा चुकलं तर सिद्धांत चूक. हे तुला मीच शिकवलं."

तिचं लिहिणं थांबलं.

"सर पाणी जास्त पितात का?"

"कालव्याचा माणूस आहे गं, पाणी हे त्यांचंच खातं."

ती हसली नाही. "बाई, उद्या सकाळी त्यांना घेऊन या. काही न खाता. नक्की."

घरी येऊन सांगितलं. हे एकदम तडकले. "पैज चालू असताना डॉक्टरकडं? तूच तिला फितवली असशील. वजन वाढायची गोळी घालंल मला."

मला लागलं ते. पस्तीस वर्षांत मी कधी परीक्षेत कुणाला कॉपी करू दिली नाही. वाद घातला नाही. खरं लिहायचं तर आग्रहही धरला नाही. उत्कर्षाने त्यांना ठणठणीत म्हटलं असतं, तर अंथुर्ण्याचं चालणं खरंच औषधी आहे हे मला मान्य करावं लागलं असतं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

बनाबाई गुरुवारच्या बाजारात भाजी घेऊन बसते. आज तणतणत आली.

"बाई, माझं किलोचं माप हरपलं. सकाळी हितंच वसरीवर पाटीत ठेवलं हुतं."

लोखंडाचं वजन कोण चोरणार? तिने दिवसभर शेजारणीच्या वजनावर धंदा केला आणि शेवटी नवं किलोचं घेतलं. मी तिला म्हटलं, आपल्या घरात वजन हरवण्याची साथच आलीय. माझंच तेवढं सापडतं.

२७ सप्टेंबर

मी एक्याऐंशी! हे त्र्याहत्तर. म्हणजे महिन्यात ह्यांचे दोनच उतरले. हवा संपली वाटतं. शर्टाचे खिसे तपासले, रिकामे. बंडी तपासायला गेले तर म्हणाले, "चार माणसांत बायकोनं बंडीत हात घालू ने." सर्जेरावांनीही मान डोलावली, म्हणून सोडलं. आणि हलकं व्हायला कुणी खिशात काही घालत नाही, एवढं मला कळतं.

संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. तिथे नेहमी येणारी मुक्ताबाई ह्यांच्याकडे टक लावून बघत होती. बाहेर पडताना मला म्हणाली, "ताई, साहेब लई वाळल्यात की. खायाला घालतीस का न्हाय?"

मी म्हटलं, "माझ्यापेक्षा दुप्पट."

हे वाचन चालू असताना बसल्या बसल्या झोपले होते. पँट दोन इंच आत घेऊन दिली. तीही आज कमरेला गोळा झाली होती.

१० ऑक्टोबर

पेपर धूसर दिसतो म्हणतात. चष्म्याचा नंबर बदलला असेल. पायाला विहिरीवर लागलं होतं ते ऑगस्टपासून भरत नाही. चप्पल बदला म्हटलं.

दुपारी ताटावरून उठता उठता म्हणाले, "लीला, सोडून दे ती पैज. राहू हितंच बारामतीत. मी हारलो."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली. मला नावाने हाक मारल्याचे प्रसंग बोटांवर मोजता येतील. त्यात हे एक बोट वाढलं. पण मी फुगले.

"दया नको मला. मी काट्यावर जिंकणार."

"काट्यावर काय हाय एवढं?"

"तुम्हाला नाही कळायचं."

ह्यांनी माझी ही वही उचलली, हातात जोखून बघितली आणि परत ठेवली. "लई खूश असतीस हिच्यात लिहिताना," म्हणाले.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बनाबाईची आता सगळीच वजनं गेली. आज बाजारात अंदाजाने ढीग लावून विकलं म्हणे. मी म्हटलं, पोलिसात जाऊ. ती ताटं घासत राहिली. वर न बघता म्हणाली, "जाऊ द्या बाई. येत्याली माघारी."

नेहमी तणतणणारी बाई आज इतकी शांत कशी?

२६ ऑक्टोबर

जमेल तसं लिहिते.

यार्डात निघताना हे कोट घालून आले. ऑक्टोबरच्या उन्हात, लग्नातला कोट. म्हणाले, "सांगता हाय वर्षावासाची. नंतर विहारात जायचंय." मी म्हटलं, घाला, कोटाचं वजन तुमच्याच नावावर.

मी एकोणऐंशी. पाच किलो! सर्जेराव ओरडले, हमालांनी टाळ्या वाजवल्या. तीन महिन्यांत ते सगळे माझ्या बाजूचे झालेत. मग हे चढले. काट्याला धरून, सावकाश.

"चौऱ्याहत्तर! बाई जिंकल्या!"

चार विरुद्ध पाच. मी सत्तावन्न वर्षांची बाई, ज्वारीच्या पोत्यांमध्ये, सिस्टर मार्थांनी मैदानावर शिकवलं होतं तशी दोन्ही हात वर करून उडी मारली. गुडघे दुखलेच नाहीत. हेही हसले. आणि उतरताना त्यांचा तोल गेला, कोट एका बाजूला झुकला आणि खिशातून काहीतरी काट्याच्या लोखंडी पाटावर पडलं. ठण्ण.

अर्ध्या किलोचं वजन. वर बनाबाईने ओळखीसाठी लावलेला हिरवा रंग.

सगळे हसले. सर्जेराव म्हणाले, "ओ साहेब, उलटं झालं की! जिंकायचं आसंल तर वजन काढायचं, घालायचं न्हाय!"

मी पुढे झाले. चार माणसांत बंडीत हात घातला. एक किलो, अजून एक किलो. कमरेला पंच्यात गुंडाळलेलं दोन किलोचं. दुसरं अर्ध्याचं. ती काढताना माझा हात त्यांच्या बरगड्यांना लागला. मी ती एकेक पोत्यावर मांडत गेले आणि हसणं थांबत गेलं.

"चढा परत."

"लीला, ऱ्हाऊ दे."

"चढा."

सर्जेराव या वेळी ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "एकोणसत्तर."

हलकं होण्याच्या पैजेत माणूस खिशात लोखंड घेऊन का येतो, हे मला तिथे, त्या काट्याशी कळलं. आप्पा. त्यांचे थोरले भाऊ असेच वर्षभर वाळत गेले होते, घागरीने पाणी पीत. ते आम्ही दोघांनी पाहिलं होतं. मी विसरले. हे विसरले नव्हते.

यार्डातून सरळ उत्कर्षाकडे. तिने काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, ह्यांची लघवी थेंब थेंब टाकली, दिव्यावर तापवलं. हिरवं झालं, पिवळं झालं, आणि मग विटेसारखं लाल. मी मुलींना शिकवलेले सगळे रंग इंग्रजीत आठवत होते. दुसरं काही सुचत नव्हतं. रक्तातली साखर चारशे बारा.

"बाई, गणित चुकलं नव्हतं," उत्कर्षा म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, ते बरं केलं. "खाल्लेली साखर अंगाला लागतच नव्हती. लघवीवाटे चालली होती. तोंडाने अडीच हजार, पण शरीरापुरता उपासच. मग शरीर स्वतःलाच खायला लागतं."

हे म्हणाले, "म्हंजे कालव्याला गळती. वरनं पाणी सोडतोय, सोडतोय, पर टेलच्या, पार शेवटच्या रानाला पोचंना."

"अगदी बरोबर, सर."

"आन् ही वरनं आणखी सोडत हुती. सोत्ताच्या वाटचं."

तेव्हा मी रडले. दवाखान्यात, विद्यार्थिनीसमोर, फुल्ल आवाजात. धुराचं निमित्त नव्हतं.

२७ ऑक्टोबर

सकाळी पहिलं इंजेक्शन. दोघंही डोळे मिटून बसलो होतो, म्हणून ते उत्कर्षानेच दिलं.

विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"भ्या वाटलं." मग कापूस दाबून धरत, "आन् तू रोज वही घेऊन बसायचीस. तुझं एक किलो गेलं की घरभर गात फिरायचीस, त्या कॉन्व्हेंटातल्या गाण्यावानी. मी सांगितलं आसतं तर वही बंद."

"आणि मला जिंकू दिलंत, ते?"

"तुला बारामती पायजे हुती न्हवं?"

बनाबाई वजनं न्यायला आली. मी तिला विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, "किलोचं खरंच हरपलं वाटलं हुतं. बाकीची साहेबांनी मागून नेली. म्हणालं, बाईंना सांगू नगंस, गंमत हाय." पदराने वजनं पुसत राहिली. "मला न्हाय वाटली गंमत. पर साहेबांना कसं इचारायचं?"

मी विचारू शकत होते. मुंग्यांनी मला रांगेने येऊन सांगितलं होतं. मी फिनेल टाकलं.

९ नोव्हेंबर

आता दोन भाकऱ्या ह्यांना, एक मला, मोजून. दोघांचाही चहा बिनसाखरेचा. इंजेक्शन मी देते. पहिल्या दिवशी ह्यांनी विचारलं, "हे बी कॉन्व्हेंटात शिकवत हुते का?" म्हटलं, हो, ताटात शीत टाकणाऱ्यांना.

मोरीत आज एकही मुंगी नाही. अर्धा तास स्टूल टाकून बसले होते. बनाबाईला वाटलं, मला चक्कर आली.

पैजेचं काय, हा विषय ह्यांनीच काढला. "मी लबाडी केली. डाव बाद. तू जिंकलीस. आन् ती औषधाची बाटली गारव्याला ठेवायला फ्रिज लागतो. अंथुर्ण्याला लाइट कुठं टिकती?"

उत्कर्षाला विचारून ठेवलं होतं. "ओल्या माठात ठेवली तरी चालते," मी म्हटलं.

ह्यांनी पेपर खाली घेतला.

"नवा नियम," मी म्हटलं. "तुम्ही ज्या दिवशी यार्डातल्या काट्यावर पंच्याहत्तर भराल, त्या दिवशी अंथुर्ण्याच्या घराचा पाया काढायचा. एक किलोही कमी असेल तर नाही. खिसे मी तपासणार. आणि मोरीला फरशी पाहिजे."

"पंच्याहत्तर म्हंजे लई झालं."

"मग राहा बारामतीत."

३० नोव्हेंबर

यार्ड. थंडी पडली आहे, हमाल पोत्यांवर उन्हात बसले होते. आम्हाला बघून उठले.

खिसे तपासले. अडकित्ता बाहेर. बंडी तपासली, चार माणसांत, आता कुणी काही म्हणत नाही. हे काट्यावर चढले. न धरता चढले. पाठीवर हाडं अजून दिसतात, पण मान सरळ झाली आहे. वाटेत म्हणत होते, पाया खणायला पौषात सुरुवात केली तर उन्हाळ्याआधी छप्पर चढेल. यार्डाचं फाटक दिसल्यावर चाल मंदावली. काट्याला घाबरलेला माणूस मी ओळखते, तीन महिने मीच तो होते.

मी त्यांच्या मागे उभी होते. साडीचा घोळ पाटाच्या कडेवर आला होता. चप्पल काढली आणि उजव्या पायाचा अंगठा पाटावर टेकवला. जरासाच. मग आणखी जरासा.

सर्जेरावांनी काट्याकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं, परत काट्याकडे पाहिलं. आणि मग माझ्या अंगठ्याचा कडता काढून, पलीकडच्या आडतीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडले:

"बहात्तर!"